धावपट्टीवरचे कावळे

मी विमानतळावर नोकरीला आहे असं सांगितलं की आमच्या वडूजकडच्या माणसांचे डोळे मोठे होतात. मग कुणीतरी विचारतंच, "तिथं काय करता?" मी सांगतो, "कावळे हाकलतो." समोरच्याला वाटतं मी त्याची फिरकी घेतोय. मी कुणाची फिरकी घेत नाही. फौजेत सतरा वर्षं काढल्यावर माणूस विचारलं तेवढंच सांगायला शिकतो.

आमचं विमानतळ कराडजवळ आहे. विमानतळ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिथं फारसं काही नाही. एक धावपट्टी, वारा कुठून येतो ते दाखवणारा कापडी बोंगा, विमानांना परवानगी देणारा एक छोटा मनोरा, एक बैठी इमारत, तिच्या आत प्रवाशांसाठी मांडलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर प्रवासी बसलेला मी अजून पाहिलेला नाही. कधीमधी कुणा मोठ्या माणसाचं विमान उतरतं, तेव्हा त्या पुसतात. बाकी सगळे दिवस विमान चालवायला शिकणारी पोरं-पोरी दोन माणसांच्या चिमुकल्या विमानांतून उडतात, एक फेरी मारून उतरतात आणि पुन्हा उडतात. सकाळपासून हेच चाललेलं असतं.

चारी बाजूंनी ऊस. उसाला पाणी, पाण्याला किडे, किड्यांमागे पक्षी. टिटव्या कडेच्या खडीत अंडी घालतात, बगळे ओळीनं चालतात, घारी वर घिरट्या घालतात. हे सगळे फटाका वाजला की जातात. कावळा तसा नाही. तो आधी मान वाकडी करून कोण आहे ते बघतो आणि मग त्याला वाटलं तर जातो. माझ्याकडे एक सायकल, शिट्टी, सुतळी बॉम्बची पिशवी, एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्या आणि वॉकीटॉकी. प्रत्येक उड्डाणाआधी मनोऱ्यातून विचारतात, "धावपट्टी साफ?" मी बघतो आणि म्हणतो, "साफ." मग विमान पळतं. माझी नोकरी एवढीच.

बायको आणि मी कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहत होतो. वर पत्रा. एकच लेक, ती सांगलीला दिलेली. बायको पहाटे भाकरी थापायची, पहिल्या भाकरीचा पहिला घास पत्र्यावर टाकायची आणि कावळ्यांना हाक मारायची. तिच्या आईनं तेच केलं होतं, आजीनंही तेच. तिच्या माहेरची माणसं मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारी. तीन दगडांवर चूल मांडली तरी आधी कावळ्याचा घास. माझा डबा त्यानंतर. मी म्हणायचो, "ह्या घरात माझ्यापरास कावळ्याला मान जास्त." ती म्हणायची, "त्यो रोज येळंवर येतो."

बायको जाण्याआधी दोन वर्षं, उतरणाऱ्या एका विमानाच्या पंखाला कावळा धडकला. आत एक शिकाऊ मुलगी होती, पहिल्यांदाच एकटी. तिनं विमान नीट उतरवलं, पण बाहेर आली तेव्हा ती उगाचच हसत होती. विमानतळाचे साहेब पंखावरचा डाग बघत राहिले. मी तो पुसला. पुसून मान वर केली तर कुंपणापलीकडे माझ्याच घराच्या पत्र्यावर वीस-पंचवीस कावळे बसलेले.

घरी जाऊन मी ओरडलो. माझं ओरडणं चार घरं पलीकडे जातं. "तुज्या त्या घासापायी एकादी पोरगी मरंल! उद्यापासनं पत्र्यावर कण जरी दिसला तरी याद राख!" तिच्या हातात घासलेलं ताट होतं. ते तिनं फळीवर उभं केलं आणि म्हणाली, "बरं." ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून पत्रा रिकामा. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

आणि धावपट्टीवरचे कावळे कमी झाले. आठ-पंधरा दिवसांत इतके कमी झाले की साहेबांनीच मला बोलावून विचारलं, काय केलंत? मी मोठे फटाके आणले होते, उभं राहायची जागा बदलली होती. तसं सांगितलं. वर्षाच्या शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि एक छापील कागद दिला. तो मी घरी आणून आरशाशेजारी चिकटवला. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. "चांगलं झालं," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, तिला भरून आलं.

त्या दोन वर्षांत आमच्याकडे मेथी आणि कांद्याची पात फार असायची. ताजी, मुळांना माती लागलेली. कुठून आणतेस, असं मी कधी विचारलं नाही. समोर आलेलं खायचं, ही माझी सवय.

ती गेली ते अचानक. ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्या खिशाला निळं पेन होतं, टोपण नसलेलं. ते बोलत होते आणि मी विचार करत होतो, शर्टाला शाई लागणार. लेक माझ्या गळ्यात पडून रडली, मी तिच्या पाठीवर थोपटत राहिलो आणि भिंतीवरच्या बटणांतलं पंख्याचं कोणतं ते शोधत राहिलो. लोक म्हणाले, फौजी माणूस आहे, घट्ट आहे. त्यांना काय सांगणार? झोपेत हात अंगाखाली दबला की तो आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. लोक चहा देत होते, मी पीत होतो. गोड होता की अगोड, सांगता आलं नसतं.

त्या बधिरपणात एकच गोष्ट टोचत होती. ती माझ्यावर रागावून गेली का? तिच्या घराण्यात चालत आलेला घास मी बंद केला होता, आणि ती एका शब्दावर गप्प बसली होती. दवाखान्यात चार दिवसांत विचारता आलं असतं. मी तिला पाणी हवं का एवढंच विचारत राहिलो. आता दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की मला कळणार होतं, आणि नाही शिवला तरी कळणार होतं. मधले दिवस मी त्याची वाट बघत काढले.

दहावा कराडला संगमावर केला. मुलगा नाही म्हणून विधी मीच केले. न्हाव्यानं डोकं केलं, मिशी काढली. भटजी सांगतील तसे पिंड मांडले. लेकीनं शेजारी पानावर आईच्या आवडीचं ठेवलं: कपभर चहा आणि बेकरीतली दोन बटर. बटर चहात टाकून पार मऊ होऊ द्यायचं आणि मग चमच्यानं खायचं, ही बायकोची चैन. सगळे मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले.

समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते. खाली एकही येत नव्हता. पाव तास गेला. आमच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा होता, त्यांच्या पिंडाला कावळा शिवून ती माणसं निघालीसुद्धा. मग आमच्यातले लोक बोलू लागले. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर तिला शब्द द्यायचा, अशी रीत आहे. माझी चुलती म्हणाली, "बाई, लेकीचं आमी बगतो, तू जीव अडकवू नगंस." लेक म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कुणी देवाला जाऊन यायचं कबूल केलं. कावळे मान वाकडी करून बघत होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. पत्र्यावरचा घास पुन्हा चालू करतो, एवढंच म्हणायचं. पण त्या पत्र्यावरून पोरी विमानं उतरवतात. म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि तिच्या पिंडासमोर खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. चहावर साय धरली. अर्ध्या तासानं भटजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करू या का? खरा आलाच नाही तर गवताचा करून शिवतात, आणि पुढचं उरकतात.

तेव्हा मेव्हणा पुढे आला. बायकोचा धाकटा भाऊ, अजून मेंढरं राखतो. सगळे पिंडाकडे बघत असताना तो एकटा झाडाकडे बघत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, तुमी जरा पल्याड जावा."

"का?"

"ती तुमास्नी वळखत्यात."

"हितली कावळी मला कशी वळखतील?"

"आवं, तुमचं इमानतळ हितनं किती लांब हाय? रोज तिकडं चरायला जात्यात आन माघारी हितं झाडाव येत्यात. कावळ्यानं एकदा माणूस बगून ठेवला की इसरत न्हाई."

"मिशी काढलीया की," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"मिशी काढली तरीबी," तो म्हणाला. "जावा तुमी."

मी पायऱ्या चढून वर गेलो आणि आमच्या टेम्पोच्या मागे, घाटाकडे पाठ करून उभा राहिलो. टेम्पोचा मागचा दिवा फुटलेला होता, त्यावर कुणीतरी लाल कागद चिकटवला होता. मी तो कागद बघत होतो. खालून पंखांचा आवाज आला, मग एकदम गलका, "शिवला! शिवला!" आणि लेकीचा हुंदका. मी पाहिलं नाही. खाली आलो तेव्हा एक पिंड फुटलेला होता आणि पानावर एकच बटर होतं. "एक बटर घिऊन गेला, दाजी," मेव्हणा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. माझं उतरलं नाही. नवरा बाजूला झाला तेव्हा ती मोकळी झाली, असं मी धरून चाललो. मेव्हणा कावळ्यांबद्दल बोलला होता, मी ते तिच्याबद्दल ऐकलं होतं.

तेरावं झालं, लेक सांगलीला गेली, मी ड्यूटीवर हजर झालो. धावपट्टीवर कावळे होते. बोंग्याच्या खांबावर, दिव्यांवर, मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर. माझ्या पत्र्यावरसुद्धा ओळीनं बसलेले, चूल न पेटलेल्या घराच्या. मी फटाके लावले. ते उडाले, एक गोल मारून पुन्हा बसले. रोज वाढत गेले. तोंडात शिट्टी धरून मी सायकलवरून इकडून तिकडे फिरायचो आणि मनोऱ्याला सांगायचो, "थांबा, अजून साफ नाही." महिनाभर विमानं उशिरानं उडाली. साहेब समजूतदार, ते म्हणाले, "तुमचं मन ठिकाणावर नसेल, सुट्टी घ्या." मन ठिकाणावर आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. फटाके तेच होते, जागा त्याच होत्या.

एका सकाळी मी बघितलं, कावळ्यांचा एक थवा उठतो, ओढ्यापलीकडे जातो आणि थोड्या वेळानं तसाच परत येतो. तिकडे कुणी मेलेलं जनावर किंवा कोंबड्यांची घाण टाकत असेल म्हणून दुपारी सायकल घेऊन गेलो. ओढा ओलांडून उसाच्या बांधानं पुढे गेल्यावर एक विहीर लागली. विहिरीवर उंबर, उंबराखाली एक सपाट दगड. शेजारी वाफ्यात मेथी होती. एक वयस्कर बाई ती उपटत होती.

मी विचारलं, "मावशी, हितं कावळ्यास्नी कोण काय टाकतं का?"

"आता न्हाई टाकत कुनी," ती म्हणाली. "एक बाई यायच्या रोज सकाळच्या. दोन वर्सं. त्या दगडाव भाकरी कुस्करायच्या. पयल्या दिशी आल्या तवा डोईव टोपली आन मागं कावळ्यांची ही एवढी रांग! मला हासू आवरंना. पर माझ्या उसाची मुळं खानारी हुमणी कावळ्यांनीच येचून खाल्ली बगा. म्हनून मी त्या बाईस्नी मेथीची पेंडी द्यायची." मग हात थांबवून म्हणाली, "दीड महिना झाला, आल्या न्हाईत. आजारी हायत का काय कळंना. तुमाला म्हाईत हायत का?"

"वारली," मी म्हणालो.

तोपर्यंत तो शब्द दुसऱ्यांनी उच्चारला होता. मी पहिल्यांदाच.

मावशीनं हातातली मेथी खाली ठेवली. मी विचारलं, "एवढ्या लांब कशापायी यायची? काय बोलली का कवा?"

"बोलल्या की. त्यांचं मालक तिकडं कावळं हाकलायला हायत. ही कावळी हितं प्वाट भरून बसली म्हंजी मालकास्नी तेवढाच ताप कमी, म्हनायच्या." मावशी पदरानं डोळे पुसता पुसता हसायला लागली. "मी म्हनलं, आवं मग मालकास्नी सांगा की. तर म्हनल्या, नगं. त्यास्नी वाटतंय कावळी फटाक्याला भेत्यात. कागद मिळालाय त्यास्नी. ऱ्हाऊ दे."

आरशाशेजारी कागद लावला त्या दिवशी ती तोंडाला पदर लावून आत का गेली, ते मला त्या वाफ्याकडेला उभं राहून कळलं. हसत गेली होती.

मावशी माझ्या डोक्यावर नुकते उगवलेले केस बघत होती. "तुमीच व्हय मालक?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं ती मेथीची पेंडी माझ्या सायकलच्या कॅरिअरला लावली. घरी जाऊन मी ती भाजी निवडली, केली आणि खाल्ली. रडू आलं नाही. आता यायला हवं, असं मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाकरी थापली. कडेला चिरलेली, एका बाजूनं करपलेली. पहिली तीच फडक्यात बांधून ड्यूटीच्या आधी विहिरीवर गेलो. उंबरावर कावळे जमले. दगडावर भाकरी कुस्करली आणि चार पावलं मागे सरलो. एकही उतरला नाही. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं फळ्या आपटणारा हात आज भाकरी घेऊन आलाय, यावर ते का विश्वास ठेवतील? मग मला मेव्हणा आठवला. मी वळलो, सायकल हातात धरली आणि पाठ करून बांधानं चालू लागलो. पन्नास-साठ पावलांवर मागे पंख वाजले. मी वळून बघितलं नाही.

रोज तसंच केलं. रोज ठेवायचं, पाठ फिरवायची, निघायचं. माझ्या देखत त्यांनी आजवर एक कण खाल्लेला नाही. पण परत यायचो तेव्हा धावपट्टीवर आदल्या दिवशीपेक्षा थोडे कमी असायचे.

बारा-पंधरा दिवसांनी एका सकाळी मी धावपट्टीच्या टोकाला पोचलो आणि समोर काहीच नव्हतं. खांबावर नाही, दिव्यांवर नाही. माझा पत्राही मोकळा. पिशवीतला एकही फटाका लावलेला नव्हता. दुसऱ्या टोकाला एक लहान विमान तयार उभं होतं, आत शिकाऊ मुलगी.

वॉकीटॉकी खरखरली. "धावपट्टी साफ?"

मी बटण दाबलं. तो एक शब्द रोज दहा-वीसदा म्हणतो. तो तोंडापर्यंत आला आणि तिथं मोडला.

"पुन्हा सांगा," मनोऱ्यातून आवाज आला. "ऐकू आलं नाही. साफ आहे का?"

मी पुन्हा बटण दाबलं, गवतात खाली बसलो आणि दोन्ही हातांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरून रडलो. बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे मनोऱ्यात सगळ्यांनी ते ऐकलं. विमान पाच मिनिटं उशिरानं उडालं.